गिटारची मान आणि पाव फेरा

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या कुणाच्याही घरी गेलात तर एक वस्तू बऱ्याचदा दिसते. बेडरूममधलं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत एक काळी कापडी बॅग उभी असते, तिला योगा मॅट टेकवलेली असते. विचारलं की उत्तर येतं, "अरे ती ना, गिटार आहे. पहिला पगार झाला तेव्हा घेतली होती. मग वेळच नाही झाला." थोडं खोदून विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. जी, सी, डी, ई मायनर जमलं होतं, दोन-तीन गाणी कशीबशी वाजत होती. मग एफ आला. पहिल्या बोटाने सगळ्या सहा तारा दाबायच्या, आणि त्यातल्या निम्म्या ठक्क करून गप्प. महिनाभर झटापट केली, बोटांची सालटी निघाली, कुणीतरी म्हणालं तुझी बोटंच आखूड आहेत, आणि बॅग फटीत गेली ती गेलीच.

आज मला या फटीतल्या गिटारींची वकिली करायची आहे. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच जणांच्या बोटांत काही खोट नव्हती. खोट गिटारीत होती, ती मिलिमीटरमध्ये मोजता येण्यासारखी होती आणि तिचा बराचसा भाग एका रविवारी दुपारी घरच्या घरी काढता येण्यासारखा होता. पण गिटारच्या नेकला हात लावायचा म्हटलं की भलीभली शिकलेली माणसं बायपास सर्जरीचा विषय निघाल्यासारखी चेहरे करतात. दिवसभर प्रॉडक्शन सर्व्हरवर बिनधास्त कमांड मारणारा माणूस घरी येऊन चार मिलिमीटरच्या ॲलन कीला घाबरतो, हे काही मला पटत नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडची रीत याच्या बरोबर उलटी आहे. तबलजीला पाहा. कार्यक्रमाला येताना तबला-डग्ग्याबरोबर त्याची हातोडी येतेच. भर मैफलीत, लोकांसमोर, तो गट्ट्यांवर दोन ठोके मारतो, मग गजऱ्यावर एक हलका ठोका, कान लावतो, पुढे वाजवतो. कुणी श्वास रोखत नाही, कुणी म्हणत नाही की अहो हे कारागिराचं काम. तंबोऱ्याचंही तसंच. घोडीवर तारेखाली जो सुती दोरा असतो तो गाणारा किंवा साथीला बसलेला शिष्य स्वतः सरकवतो, केसभर इकडे, केसभर तिकडे, जवारी खुलेपर्यंत. आता त्याच घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासून जवारी काढणं हे मात्र कारागिराचं काम. त्यासाठी लोक मिरजेला जातात. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.) म्हणजे दोरा वाजवणाऱ्याचा, कानस कारागिराची, अशी वाटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. गिटारवाल्याने मात्र दोराही कारागिराच्या हवाली करून टाकलाय आणि कारागीर शोधायचा कंटाळा म्हणून बॅग फटीत ठेवून दिली आहे.

तर गिटारचा हा दोरा म्हणजे ट्रस रॉड.

तो कशासाठी असतो ते आधी बघू, कारण भीती बरीचशी न कळण्यातून येते. स्टीलच्या तारांची गिटार नेहमीच्या सुरात लावली की सहा तारा मिळून सुमारे ७० ते ७५ किलोचा ताण देतात (बारा नंबरचा लाइट सेट धरलाय). म्हणजे एक चांगला खात्यापित्या घरचा माणूस नेकच्या टोकाला चोवीस तास लटकलेला आहे असं समजा. लाकूड कितीही चांगलं असलं तरी ते पुढे वाकणार. मग नेकच्या पोटात, फ्रेटबोर्डच्या खाली, लांबीभर एक पोलादी सळई घालायची. तिच्या एका टोकाला फिरवता येणारा बोल्ट किंवा नट. तो आवळला की सळई नेकला मागच्या बाजूला ढकलते आणि तारांच्या ताणाशी तिची रस्सीखेच चालू राहते. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यूला फिरवता येणाऱ्या अशा सळईचं पेटंट १९२३ साली मिळालं. ट्रस हा शब्द छपराच्या कैचीसाठीही वापरतात, आणि कामही त्याच जातीचं आहे, भार तोलून धरायचं. मार्टिनसारख्या जुन्या कंपनीने मात्र बराच काळ न फिरवता येणारी पोलादी मजबुती नेकमध्ये घातली, आणि फिरवता येणारा रॉड त्यांच्याकडे १९८५ साली आला. म्हणजे घाबरणारे फक्त आपणच नाही! क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात, त्यांचा ताण बराच कमी, त्यामुळे तिच्यात अनेकदा हा रॉडच नसतो. तुमची गिटार नायलॉनवाली असेल तर किल्ली शोधत बसू नका.

इथे एक बारकावा आहे आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. नेक अगदी पट्टीसारखी सरळ हवी असं नाही. तार थरथरते तेव्हा ती मध्यभागी सगळ्यात जास्त हलते, म्हणून तिला हलायला जागा मिळावी इतपत नेकला मध्ये किंचित पोकळ बाक लागतो. याला रिलीफ म्हणतात. किती? ०.१ ते ०.३ मिलिमीटर. आपल्या प्रिंटरमधला ८० जीएसएमचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एक ते तीन कागद. बस. रॉड फिरवून आपण जे काही कमी-जास्त करणार ते एवढंच.

ॲक्शन ही वेगळी गोष्ट आहे. ॲक्शन म्हणजे तार फ्रेटपासून किती उंचावर आहे, आणि ती बाराव्या फ्रेटवर मोजतात. ती ठरते तीन-चार गोष्टींनी मिळून: वरच्या टोकाचा नट, खालच्या टोकाचं सॅडल, नेकचा बॉडीशी असलेला कोन, आणि थोडीशी रिलीफने. दुकानात जाऊन "ॲक्शन फार हाय आहे हो" म्हटलं की काही ठिकाणी काउंटरवरचा पोऱ्या ड्रॉवरमधून किल्ली काढतो, खसाखसा दीड फेरा आवळतो आणि म्हणतो, झालं. पाहायला तारा खाली आलेल्या दिसतात. घरी येऊन पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर काही धरलं की झिंगऽऽ असा बेसुरा आवाज, कारण नेक आता उलट्या बाजूला वाकलीय आणि तारेला हलायला जागाच नाही. अशा 'ॲक्शन लो करून' आणलेल्या दोन गिटारी मी पाहिल्यात. ट्रस रॉड हा ॲक्शनचा स्क्रू नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

मग लाकूड वाकतं कधी? तारांमुळे हळूहळू वाकतंच, पण आपल्या हवेमुळे वर्षातून निदान दोनदा जास्तच. गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा कुरडया वाळवण्याच्या लायकीची असते आणि जुलैमध्ये जीन्स तीन दिवस वाळत नाही. त्याच खोलीत, त्याच फटीत, लाकूड दोन्ही सोसतं. मुंबईत वर्षभर दमट, पण बेडरूमचा एसी रात्रभर चालू, म्हणजे रोज रात्री छोटा उन्हाळा. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. लाकूड ओलावा पिऊन फुगतं की वरची फळी पोट काढते, तिच्यावरचा ब्रिज वर उचलला जातो, ॲक्शन वाढते. कोरड्या हवेत ती बसते, ॲक्शन उतरते, आणि फ्रेटबोर्ड आक्रसल्यामुळे फ्रेटची टोकं बाजूने हाताला बोचायला लागतात. नेक कुठल्या दिशेला जाईल हे ज्या-त्या गिटारच्या लाकडावर अवलंबून, त्याचा एकच नियम करता येत नाही. दुकानात सांगतात की लॅमिनेटेड गिटारला हवेने काही होत नाही. वरच्या फळीपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण मान काही प्लायवूडची नसते.

(आणि हो, गिटार मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून सिंहगडाच्या पायथ्याशी जेवायला जाऊ नका. ब्रिज चिकटवलेला गोंद मऊ पडतो. त्यावर कुठलीच किल्ली चालत नाही.)

आता मोजायचं कसं. गिटार आधी सुरात लावा, ज्या सुरात वाजवता त्याच. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. जिथे नेक बॉडीला मिळते, बहुतेक चौदावा फ्रेट, तिथे सगळ्यात जाड तार एका हाताने दाबून धरा. आता ही ताणलेली तार म्हणजेच तुमची फूटपट्टी झाली. मध्ये, सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेटचं डोकं यांच्यात फट दिसते का पाहा. बोटाने तिथे टिचकी मारली तर टिक असा बारीक आवाज यायला हवा. फटीत कागद सरकवून बघा. एक कागद जातो, दोन जातात, पाच जातात? नेमकं मोजायचं असेल तर फीलर गेज आणा. दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट सेटिंगला वापरतात त्या पोलादी पात्या. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतात आणि दोन पिझ्झ्यांपेक्षा स्वस्त पडतात. टिचकी मारून काहीच आवाज नाही, तार चिकटलेलीच, तर नेक एकतर एकदम सपाट आहे किंवा उलटी गेली आहे.

मग कॅपो काढा आणि बाराव्या फ्रेटवर शाळेच्या पट्टीने ॲक्शन मोजा. जाड तारेला २.५ मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेला २ च्या आसपास असेल तर गिटारबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही, सरावाला बसा. जाड तार साडेतीन-चारवर असेल तर ती गिटार नवशिक्याच्या हातात देणं हा अन्याय आहे.

तिसरी चाचणी माझी आवडती आहे, कारण तिला मोजमापच लागत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून, एक घर पुढे सरकून तोच एफचा आकार धरा. एकदम सोपा वाटला? मग तुमचा गुन्हेगार नट आहे. (सिनेमातला नाही. हाडाची किंवा प्लॅस्टिकची ती खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात.) स्वस्त गिटारींत नटच्या खाचा पुरेशा खोल केलेल्या नसतात, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास पहिल्याच फ्रेटवर होतो, म्हणजे जिथे एफ असतो तिथे. हजारो नवशिके ज्या एफवर आपटून परत जातात, तिथे गिटार नेमकी सगळ्यात वाईट असते! मला हे कळलं तेव्हा एखाद्या सिस्टिममध्ये लॉगिन पेजच सगळ्यात जास्त वेळा पडतंय असं वाटलं होतं.

आमच्या टीममधल्या एकीची गिटार मागच्या पावसाळ्यात अशीच फटीतून बाहेर काढली. सहा वर्षं वाजवली नव्हती. क्लासवाले सर म्हणायचे प्रॅक्टिस कमी पडतेय, आणि हिची स्वतःची खात्री झालेली की आपल्या बोटांतच दम नाही. मोजलं तर रिलीफ ०.६ मिलिमीटर, आणि जाड तार बाराव्या फ्रेटवर ३.८ वर. मी तिला आकडे कागदावर लिहून दाखवले. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं मी उगाच स्वतःला ढ समजत होते?" मी म्हटलं थोडी तरी होतीसच. उशी फेकून मारली.

किल्ली फिरवायची वेळ आली तेव्हा मात्र ती मागे सरकली. "तू कर. तुटलं तर निदान तुझ्यावर ढकलता येईल." मी नाही केलं. गिटार तिची, पाव फेरा तिने फिरवायचा.

तर ते फिरवणं. रॉडचं टोक एकतर डोक्याकडे, नटच्या वर एका छोट्या झाकणाखाली असतं, नाहीतर साउंड होलमधून आत हात घातला की नेकच्या बुंध्याशी लागतं. अकूस्टिकमध्ये बऱ्याचदा हेच दुसरं. मोबाइलचा टॉर्च मारून आधी नीट बघा. किल्ली नेमक्या मापाची हवी, याबाबतीत कंजूषपणा नको. बऱ्याच गिटारींना ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन की लागते, काही अमेरिकन गिटारींना इंचातली. ५ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये ३/१६ इंचाची किल्ली जाते, कारण ती ४.७६ मिलिमीटर असते. जाते आणि डुलते, आणि जोर लावला की आतले कोपरे गोल करून टाकते. रॉड सहसा तुटत नाही, पण हे असे कोपरे खाल्लेले बोल्ट मात्र पुष्कळ असतात. सगळी भीती या एका गोष्टीसाठी राखून ठेवा.

साउंड होलमधून करायचं असेल तर मधल्या दोन तारा ढिल्या करून बाजूला सारा. किल्ली ज्या टोकातून आत जाते तिकडून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवळलं जातं, म्हणजे बाक कमी होतो. उलट फिरवलं की ढिलं, बाक वाढतो. आधी थोडं ढिलं करून पाहायचं, बोल्ट मोकळा आहे ना, मग परत होता तिथे आणायचं. काही रॉड दोन्ही दिशांनी काम करणारे असतात, त्यांत मध्येच थोडा भाग हलका फिरतो, तेव्हा दचकू नका. आता पाव फेरा. त्याहून जास्त नाही. तारा परत सुरात लावा आणि परत मोजा. सुरात लावायला विसरायचं नाही, कारण ताण बदलला तर आकड्याला अर्थच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, त्याचाच तर पगार घेता. पण लाकडाचा एक स्वभाव आहे जो सॉफ्टवेअरचा नाही: ते लगेच पूर्ण उत्तर देत नाही. थोडा बदल तिथल्या तिथे दिसतो, थोडा दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून शनिवारी पाव फेरा, रविवारी सकाळी मोजणं, लागलं तर आणखी पाव. दोन-तीन पाव फेऱ्यांत काही फरकच दिसत नसेल किंवा हाताला घट्ट लागायला लागलं, करकर आवाज आला, तर थांबा. रॉड खरंच तुटला तर फ्रेटबोर्ड उचलून काढावा लागतो, आणि साध्या गिटारच्या किमतीत तो खर्च परवडत नाही.

तिच्या गिटारीला दोन पाव फेरे लागले. रिलीफ ०.६ वरून ०.२ वर आला. आणि ॲक्शन? ३.८ वरून फक्त ३.५. बघा, वर म्हटलं ते हेच. बाकीची उंची सॅडलमध्ये होती. त्याचं गणित सोपं आहे: बाराव्या फ्रेट म्हणजे तारेचा मध्य, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. सॅडल काढून खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारली, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून दीड मिलिमीटर घासलं. दर वीस-पंचवीस घासण्यांनंतर माप. वरची बाजू अजिबात घासायची नाही, तिच्या गोलाईवर तारा बसतात. खालची बाजू सपाटच राहिली पाहिजे, गिटारला पिकअप असेल तर विशेषच. आणि एक सुटं सॅडल आधी आणून ठेवा, कारण घासलेलं परत वाढत नाही. ॲक्शन २.७५ वर आली. नट आम्ही सोडून दिला. त्या खाचा करायला बारीक ठरावीक मापाच्या कानशी लागतात, त्या माझ्याकडे नाहीत. तो तिने एका कारागिराकडून करून घेतला, आणि जाताना आकड्यांचा कागद बरोबर नेला. तो माणूस खूश झाला म्हणे. "जरा बघा हो, वाजत नाही" म्हणण्याऐवजी कुणीतरी माप घेऊन आलं!

इथे अर्थातच दुसरी बाजू आहे. जाणकार लोक म्हणतात, हे सगळं तज्ज्ञाकडेच द्यावं, तो नेक, नट, सॅडल, फ्रेट सगळं एकत्र बघतो. बरोबर आहे, आणि नवी गिटार घेतल्यावर एकदा पूर्ण सेटअप करून घ्यायला पैसे असतील तर जरूर घ्या. पण लाकूड वर्षातून दोनदा जागा बदलणार असेल तर तुम्ही वर्षातून दोनदा शहराच्या दुसऱ्या टोकाला गिटार घेऊन जाणार, दोन आठवडे ती तिथे राहणार आणि तुम्ही परत आणायला जाणार, हे हिंजवडीतून घरी पोचायला दीड तास लागणाऱ्या माणसाला सांगून बघा. बॅग फटीत जाते ती याच टप्प्यावर. शिवाय मोजता येत नसेल तर तज्ज्ञाने काय केलं हेही कळत नाही. मग वर सांगितलेला दीड फेऱ्याचा पोऱ्या आणि खरा कारागीर तुम्हाला सारखेच.

कानशीची कामं कोणती हे मात्र ओळखता आलं पाहिजे. काही फ्रेट उंच-सखल असतील आणि एकाच जागी झिंग येत असेल. ब्रिज मागून सुटायला लागला असेल, त्याच्याखाली कागदाचा कोपरा जात असेल. आणि सगळ्यात मोठं दुखणं: नेक सरळ केली, सॅडल आता घासायला उरलंच नाही, तरी ॲक्शन चारवर. म्हणजे नेकचा बॉडीशी असलेला कोनच बिघडलाय. लांब सरळ पट्टी फ्रेटवरून ब्रिजकडे नेली तर ती ब्रिजच्या माथ्याला लागायला हवी. ती त्याच्या पोटात जाऊन आपटते. ट्रस रॉड कितीही फिरवला तरी हा कोन बदलत नाही, कारण रॉड नेकला वाकवतो, सांध्याला नाही. पारंपरिक गिटारींमध्ये सांधा चिकटवलेला असतो, तो वाफ देऊन सोडवायचा, घासायचा, परत बसवायचा. टेलर कंपनीने १९९९ साली बोल्टवाली नवी नेक आणली, तिच्यात बारीक पाचरी बदलून हा कोन झटक्यात दुरुस्त होतो, पण तशी गिटार असणाऱ्यांना हा लेख वाचायची गरज नाही. दहा हजारांच्या आतल्या चिकटवलेल्या गिटारीला हे दुखणं झालं तर मी तरी दुरुस्ती करणार नाही. तारा एक नंबर हलक्या लावा, अर्धा सूर खाली उतरवा, कॅपो लावून जेवढी वाजते तेवढी वाजवा.

घेतलेली मापं कुठे लिहायची याबद्दल: मोबाइलमध्ये लिहू नका, सापडत नाहीत. बॅगेच्या पुढच्या खिशात एक कार्ड ठेवा. तारीख, रिलीफ, ॲक्शन, किती फेरा, कुठल्या दिशेला. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजलं तरी पुरे. पुष्कळदा काहीच करायचं नसतं, फक्त कार्डावर आकडा टाकून गिटार वाजवायला घ्यायची. किल्लीही त्याच खिशात ठेवा. घरातल्या टूलबॉक्समध्ये गेली की ती पुढच्या फर्निचर जोडणीच्या वेळी कुणीतरी उचलतं आणि मग गिटारसाठी परत ३/१६ची सापडते.